त्या टोपीवालीला कुणी विचारलं?

माझ्या आयुष्यात 'प्लेबॉय' आला तो सबमिशनच्या फाइलमधून. खोटं वाटेल, पण तसंच झालं.

इंजिनिअरिंगला इमेज प्रोसेसिंगची प्रॅक्टिकल्स असायची. फोटो ब्लर करा, कॉम्प्रेस करा, त्यातल्या कडा शोधा, नॉइज, म्हणजे नको ते ठिपके, घाला आणि मग आपणच घातलेला नॉइज काढत बसा. हे सगळे प्रयोग एकाच बाईच्या चेहऱ्यावर चालायचे. मोठ्या काठाची टोपी, तिच्यावरून पाठीमागे लोंबणारी जांभळट पिसं, उघडा खांदा आणि त्या खांद्यावरून वळून थेट आपल्याकडे बघणारे डोळे. फाइलचं नाव 'लेना'. मला वाटायचं, असेल कुठल्या तरी प्रोफेसरची बायको नाहीतर मुलगी. आमच्या बॅचमधला एक जण ती स्क्रीनवर आली की दर वेळी गालातल्या गालात हसायचा. का हसतोस विचारलं की म्हणायचा, "काही नाही गं."

ते 'काही नाही' मला नोकरीला लागल्यावर कळलं. तो फोटो 'प्लेबॉय' या बायकांचे नग्न फोटो छापणाऱ्या अमेरिकन मासिकाच्या नोव्हेंबर १९७२च्या अंकातला, मधल्या घडीच्या पानाचा. १९७३ साली अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या प्रयोगशाळेत अलेक्झांडर सॉचुक आणि त्यांचे सहकारी टेस्टिंगसाठी नवा, गुळगुळीत छापलेला फोटो शोधत होते. तेवढ्यात कुणी तरी ताजा अंक हातात घेऊन आत आलं. पान फाडलं, वरचा भाग स्कॅनरवर चढवला. इंचाला शंभर रेषा वाचणारा स्कॅनर आणि हवी होती ५१२ बाय ५१२ची चौकट, म्हणून फोटो खांद्याखाली तुटला. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत लेना खांद्यापर्यंतच दिसते ती शालीनतेपायी नाही, गणितापायी.

पुढची काही दशकं फोटो लहान करून साठवायच्या कित्येक युक्त्या याच चेहऱ्यावर पारखल्या गेल्या. ती स्वतः मात्र स्वीडनची. आपल्या खांद्यावर जगभरची पोरं पीएचड्या करतायत याचा तिला १९८८पर्यंत पत्ताच नव्हता.

पुरुषांच्या मासिकांवरून वाद निघाला की ठरल्याप्रमाणे दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, संस्कृती बुडाली. दुसरी म्हणते, तुम्ही कोण कपड्यांचं माप घेणारे? दोघांचे आवाज चढतात, पोस्टी पडतात, एकमेकांना अनफ्रेंड करून झालं की सगळे जेवायला जातात. मी बरीच वर्षं दुसऱ्या पार्टीत होते. अजूनही मला कुणी एका बाजूला ओढलंच तर तिथेच जाईन. पण या सत्तर वर्षांतल्या भानगडी बघितल्या की एक गोष्ट खटकत राहते. फोटोवरून कोर्ट होतं, दंगल होते, संसदेत चर्चा होते, आणि जिचा फोटो आहे तिला काय वाटतं, तिला काय मिळालं, तिने नक्की कशाला होकार दिला होता, हे विचारायचं राहूनच जातं.

सुरुवातच बघा ना. डिसेंबर १९५३, शिकागो. ह्यू हेफनर नावाच्या सत्तावीस वर्षांच्या माणसाने इकडून तिकडून आठेक हजार डॉलर गोळा केले, त्यातले एक हजार आईचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अंक जुळवला. दुसरा अंक निघेल याची खात्री नव्हती, म्हणून पहिल्यावर तारीखच छापली नाही. किंमत पन्नास सेंट. खपला पन्नास हजारांच्या वर, कारण आत मर्लिन मन्रो होती.

पण मर्लिनने 'प्लेबॉय'साठी फोटो काढलाच नव्हता. तो १९४९चा. तेव्हा तिला कुणी ओळखत नव्हतं, पैशांची नड होती. टॉम केली नावाच्या फोटोग्राफरने कॅलेंडरसाठी तो काढला, तिला पन्नास डॉलर दिले आणि तिने कागदावर सही केली ती 'मोना मन्रो' अशा भलत्याच नावाने. पुढे ती स्टार झाली, १९५२मध्ये ते कॅलेंडर तिचंच असल्याची बोंब झाली. स्टुडिओची तंतरली. तिने मात्र सरळ सांगून टाकलं, की हो, मीच आहे ती, पैसे हवे होते. (त्या काळात हे बोलायला काय काळीज लागलं असेल!) मग हेफनरने कॅलेंडर कंपनीकडून फोटो छापायचा हक्क पाचशे डॉलरला घेतला. कंपनीला पाचशे, हेफनरला साम्राज्य, आणि तिच्या वाट्याला तेच जुने पन्नास. व्यवहार पूर्ण कायदेशीर. सगळे कागद जागच्या जागी.

दोघांची भेट कधी झाली नाही. पण १९९२मध्ये हेफनरने लॉस एंजेलिसच्या दफनभूमीत तिच्या शेजारची जागा पंच्याहत्तर हजार डॉलरला विकत घेतली, आणि २०१७मध्ये वारल्यावर तो खरोखरच तिथे ठेवला गेला. लोक याला रोमँटिक म्हणतात. माझ्या अंगावर काटा येतो. बाई मेल्यावरही तिच्या शेजारचा सौदा झालाच, आणि याही वेळी तिची सही लागली नाही.

आता दुसरी बाजू. 'प्लेबॉय' म्हणजे नुसता कचरा, असं म्हणून मला मोकळं होता येत नाही. याच मासिकात १९६२मध्ये अॅलेक्स हेली या कृष्णवर्णीय पत्रकाराने जॅझवादक माइल्स डेव्हिसची मुलाखत घेतली, आणि त्यात जॅझपेक्षा वर्णद्वेषावरच जास्त बोलणं झालं. पुढे हेलीने माल्कम एक्स आणि मार्टिन ल्यूथर किंगलाही इथेच बोलतं केलं. "आम्ही लेख वाचायला घेतो" हा जगातला सगळ्यात मळका विनोद असेल, पण लेख होते बरं का. १९७६मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार असलेले जिमी कार्टर इथेच बोलून बसले, की परस्त्रीबद्दल वासना मनात आलीय, मनातल्या मनात व्यभिचार केलाय. देशभर गहजब झाला. तरी निवडून आले.

आणि आंधळ्यांसाठीच्या अंकाची गोष्ट तर सांगायलाच हवी. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस १९७०पासून 'प्लेबॉय' ब्रेलमध्ये काढायची. त्यात फोटो असायचं कारणच नाही, नुसता मजकूर. तरी १९८५मध्ये खासदारांना तो खुपला आणि त्यांनी बजेटमधून बरोबर तेवढेच, म्हणजे एक लाख तीन हजार डॉलर छाटले. पुढच्या वर्षी कोर्टाने सांगितलं, हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भंग आहे. ज्यात चित्रंच नाहीत त्या अंकालाही हे लोक घाबरले!

याच्याही वरताण इंडोनेशियात झालं. एप्रिल २००६मध्ये तिथे 'प्लेबॉय'चा स्थानिक अंक निघाला. एकही नग्न फोटो नाही. उलट आत थोर इंडोनेशियन लेखक प्रामुद्या अनंता तूर यांची मुलाखत. पण नाव पडलं 'प्लेबॉय'. इस्लामिक डिफेंडर्स फ्रंटच्या लोकांनी जाकार्तातल्या ऑफिसवर दगडफेक केली, ऑफिस बालीला हलवावं लागलं. संपादक एर्विन अर्नादावर खटला झाला. २००७मध्ये सुटला. वाटलं, संपलं. सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवून दोन वर्षांची सजा दिली आणि ऑक्टोबर २०१०मध्ये तो तुरुंगात गेला. २०११च्या जूनमध्ये त्याच कोर्टाने फेरविचार करून त्याला सोडलं. जवळजवळ साडेआठ महिने आत! अमेरिकेत खुद्द हेफनरला १९६३मध्ये अश्लीलतेखाली अटक झाली होती, तिथे ज्युरीचं एकमत झालं नाही आणि तो घरी गेला. ज्याने फोटो छापले तो आयुष्यभर रेशमी पायजमा घालून हिंडला, ज्याने छापले नाहीत तो गजाआड. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

बायकांनी घेतलेले आक्षेप यापेक्षा कितीतरी नेमके होते, आणि नेमके तेच 'फेमिनिस्ट कटकट' म्हणून बाजूला सारले गेले. पत्रकार ग्लोरिया स्टायनम १९६३मध्ये खोटं नाव घेऊन न्यूयॉर्कच्या प्लेबॉय क्लबात 'बनी', म्हणजे सशाच्या वेशातली वेट्रेस, म्हणून नोकरीला लागली आणि नंतर तिने सगळं लिहून काढलं. त्यात संस्कृतीबिंस्कृती काही नाही. जाहिरातीत सांगितलेला पगार आणि हातात पडणारा पगार यातली तफावत आहे. टिपेत क्लबचा वाटा आहे. श्वास कोंडेल इतका घट्ट पोशाख, वर छातीच्या जागी कोंबायला प्लॅस्टिकच्या पिशव्या. मोज्याचा एक धागा उसवला तरी खात्यावर वाईट शेरा. आणि वेट्रेसच्या कामासाठी 'आतली' वैद्यकीय तपासणी. ही तपासणी लेख आल्यावर हेफनरने बंद केली. म्हणजे बघा, इतक्या सगळ्या गदारोळांत एका बाईच्या हातात खरोखर काही पडलं ते पगार, टीप आणि तपासणी असं रोकडं लिहिल्यावर.

२०११मध्ये 'एफएचएम' या पुरुषांच्या मासिकाच्या भारतीय आवृत्तीवर पाकिस्तानी अभिनेत्री वीणा मलिकचा फोटो आला होता, आठवतो? अंगावर कपडे नाहीत, दंडावर 'आयएसआय' अशी अक्षरं. दोन्ही देशांत काय धुरळा उडाला होता! इकडे त्या तीन अक्षरांवर गंमत, तिकडे इज्जतीचा पंचनामा. या सगळ्यात ती सांगत होती, की मी असं शूट दिलंच नव्हतं, फोटोत फेरफार केलाय, आणि दहा कोटींचा दावा लावत होती. मासिक म्हणत होतं, फोटो खरा आहे, आमच्याकडे पुरावा आहे. कोण खरं, कोण खोटं हे मी इथे बसून ठरवणार नाही. पण मुद्द्याचा प्रश्न तर तोच होता ना? किती दाखवायचं ठरलं होतं आणि किती छापलं? तेवढा सोडून बाकी सगळ्यावर चर्चा झाली. मीही तेव्हा दंडावरच्या अक्षरांवरचा एक विनोद फॉरवर्ड केला होता. आठवलं की लाज वाटते.

दरम्यान 'प्लेबॉय'ने २०१५मध्ये जाहीर केलं, की आता नग्न फोटो बंद. इंटरनेटवर सगळं फुकट मिळतंय, आमच्याकडे कोण येणार? कुणाची भावना दुखावली म्हणून नाही, गल्ला आटला म्हणून. २०१७मध्ये पुन्हा सुरू. २०२२मध्ये टीव्हीवर एक माहितीपट-मालिका आली, हेफनरच्या हवेलीत राहिलेल्या, त्याच्याकडे काम केलेल्या बायका त्यात नाव-चेहऱ्यासकट गंभीर आरोप करत होत्या. कंपनीने जाहीर पत्र काढून आजचा 'प्लेबॉय' तो नव्हे म्हटलं. ज्याच्यावर आरोप होते तो तोवर मर्लिनशेजारी निजला होता.

तर लेना. तिला एका बाजूला ढकलता येत नाही, म्हणून ती मला आवडते. १९९७मध्ये इमेजिंगवाल्यांच्या एका परिषदेला तिला बोलावलं, ती हौसेने गेली, सह्या दिल्या. त्या फोटोची तिला कधी शरम वाटली नाही, उलट अभिमानच होता. तिला बिचारी ठरवून तिच्या वतीने रडायचा हक्क मला कुणी दिलेला नाही. पण त्याआधीची एक गंमत ऐका. १९९१मध्ये एका तांत्रिक नियतकालिकाने तिला मुखपृष्ठावर छापलं, तेव्हा कुठे 'प्लेबॉय'ला जाग आली आणि त्यांनी पत्र पाठवलं, की फोटोचा कॉपीराइट आमचा आहे, यापुढे परवानगी घ्या. अठरा वर्षांत परवानगीचा विषय पहिल्यांदा निघाला तो असा, कंपनीच्या परवानगीचा!

२०१९च्या एका माहितीपटात ती स्वतःच म्हणाली, की मॉडेलिंगमधून मी केव्हाच निवृत्त झालेय, आता टेकमधूनही व्हायची वेळ झाली. अगदी रिटायर होणाऱ्या शेजारच्या मावशीसारखं, शांतपणे. आणि १ एप्रिल २०२४पासून आयट्रिपलई कॉम्प्युटर सोसायटी या संगणकवाल्यांच्या संघटनेने तिचा फोटो असलेले शोधनिबंध घेणं बंद केलं. त्यावरही रडारड झालीच, की परंपरा गेली, जुन्या निकालांशी तुलना कशी करायची. एका बाईने "पुरे आता" म्हटलं तर लोकांना बेंचमार्कची काळजी.

परवा माळा आवरताना ती फाइल सापडली. प्रॅक्टिकल क्रमांक सात, एज डिटेक्शन. काळ्या चौकटीत पांढऱ्या रेघांची लेना, टोपीचा काठ ओळखू येतो, पिसांचा नुसता गुंता झालाय, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. खाली माझ्या अक्षरात 'रिझल्ट: इमेज सक्सेसफुली प्रोसेस्ड' आणि सरांची लाल सही.

ऑफिसात आता टेस्टिंगला आम्ही ढोबळ्या मिरच्यांचा फोटो वापरतो. तोही जुनाच आहे, लेनाच्याच पिढीतला. एका ज्युनियरने विचारलं, "मॅम, लेना का नाही वापरत? सगळ्या जुन्या पेपरांत तीच आहे."

म्हटलं, ती नको म्हणालीय.

"कुणाला? तुम्हाला?"

हो म्हणाले.