आधी घर, मग देश

'इकॉनॉमीचा मूळ अर्थ अर्थव्यवस्था, काटकसर हा अर्थ नंतर चिकटला' हे लेखातलं वाक्य खटकलं. घडलं नेमकं उलट. ग्रीक 'ओइकोस' म्हणजे घर, 'ओइकोनोमिया' म्हणजे घरचा कारभार. इंग्रजीतही आधी घरकारभार आणि जपून खर्च करणं. देशाची अर्थव्यवस्था हा आज सर्रास चालणारा अर्थ त्यानंतरचा. म्हणून तर देशाच्या कारभाराबद्दल बोलताना 'पोलिटिकल' हे विशेषण मुद्दाम जोडावं लागलं.

मी भाषांतरं तपासायचं काम करते. 'इकॉनॉमी ऑफ वर्ड्स'चं 'शब्दांची अर्थव्यवस्था' झालेलं माझ्यासमोर आलंय, तेही मजकूर छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी! तिथे 'मोजके शब्द' एवढंच पुरेसं होतं. 'इकॉनॉमिकल' गाडी म्हणजे कमी पेट्रोल पिणारी, 'आर्थिक' गाडी नव्हे. आणि १९८६ साली ब्रिटनचे कॅबिनेट सेक्रेटरी रॉबर्ट आर्मस्ट्राँग सिडनीच्या कोर्टात 'इकॉनॉमिकल विथ द ट्रुथ' म्हणाले, त्यात तर पैशाचा संबंधच नव्हता. खरं हात राखून सांगणं, हा त्याचा अर्थ. लेखात हा वापर यायलाच हवा होता.