‘डॉ.’च्या वादात राहून गेलेला कागद

९ सप्टेंबर २०२५ ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं की फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. दुसऱ्या दिवशी ते मागे घेतलं. वाद मात्र मिटला नाही. त्यात एक दाखला हमखास येतो: अमेरिकेत तर सगळे ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’, मग आपल्याला का अडवता?

दाखला खरा आहे, पण अर्धाच दिला जातो. मी अमेरिकेतून लिहितोय; इथे ही ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’, म्हणजे डीपीटी, बॅचलर पदवीनंतरची साधारण तीन वर्षांची पदवी आहे. २०१५ पासून पन्नासही राज्यांत रुग्ण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिओथेरपिस्टकडे जाऊ शकतो; मर्यादा राज्यागणिक वेगळ्या. हा हक्क उभा आहे तो एका कौशल्यावर. पाठदुखी म्हणून आलेल्या माणसाला स्नायूचं दुखणं आहे की मणक्यातली गाठ, पोटरी दुखते ती ताणामुळे की रक्ताच्या गुठळीमुळे, हे ओळखून वेळेत पुढे पाठवता आलं पाहिजे. त्यासाठी आजार-छाननी, औषधशास्त्र, एक्स-रे आणि एमआरआयची समज हे विषय डीपीटीत सविस्तर असतात. आपली फिजिओथेरपीची बॅचलर पदवी, बीपीटीएच, इथे मोजली जाते तेव्हा बहुधा हेच विषय कमी भरतात. त्यांच्या जोडीला त्वचा व जखमांची निगा, व्यवस्थापन आणि मानव्यविद्यांचे क्रेडिटही. म्हणून मला वाटतं, भांडायचंच तर आधी या तासांसाठी भांडावं. फिजिओथेरपीसारख्या सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठीच्या भारताच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२५ च्या नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप वर्षभराची झाली. चर्चा झाली ती फक्त त्यातल्या ‘डॉ.’ची.

इथे येऊ पाहणाऱ्यांचा घोळ होतो तो तीन वाटा एक समजल्याने.

पहिली वाट बीपीटीएचवरच लायसन्स मिळवण्याची. एफसीसीपीटीसारखी संस्था तुमचा एकेक विषय अमेरिकी अभ्यासक्रमाशी ताडून पाहते. ताडण्यासाठी काही राज्यांत तुमच्या पदवीच्या वर्षी लागू असलेला आराखडा चालतो, काहींना नवाच लागतो. म्हणून राज्य आधी ठरवायचं, अर्ज नंतर. काही राज्यं लायसन्ससाठी सोशल सिक्युरिटी नंबर मागतात, जो भारतात बसलेल्याकडे नसतो. मग एनपीटीई, म्हणजे लायसन्सची राष्ट्रीय परीक्षा: वर्षातून चार वेळा, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. २०० ते ८०० च्या मापावर ६०० ला पास, आणि आयुष्यात एकूण सहाच संधी. केंद्रं अमेरिकेच्या हद्दीतच, म्हणजे परीक्षेपुरताही व्हिसा लागतो. ‘मागच्या वेळी आलेले प्रश्न’ वाटणाऱ्या ग्रुपपासून चार हात लांब राहा. असेच प्रश्न फुटल्यामुळे २०१० च्या जुलैत भारतासह चार देशांतल्या पदवीधरांची ही परीक्षाच थांबवली गेली होती, आणि प्रामाणिकपणे अभ्यास केलेलेही त्यात भरडले गेले.

दुसरी वाट पूर्ण डीपीटीची. पीटीकॅस या डीपीटी कॉलेजांच्या सामाईक अर्जाच्या वेबसाइटवरचा अर्ज जूनच्या मध्याला उघडतो. अनेक कॉलेजं अर्ज येतील तसे जागा भरत जातात, म्हणून ऑक्टोबरपर्यंत थांबणं महागात पडतं. आधी प्रत्येक कॉलेजच्या पानावर तीन गोष्टी शोधा: परदेशी विद्यार्थी घेतात का, परदेशात केलेले पूर्वविषय धरतात का, आणि ते किती वर्षं जुने चालतात. फिजिक्स आणि केमिस्ट्रीची प्रयोगशाळेसह दोन-दोन सत्रं, संख्याशास्त्र, मानसशास्त्र असे विषय मागतात. आपण फिजिक्स-केमिस्ट्री बारावीत सोडलेली असते, आणि बारावी इथे धरत नाहीत. निरीक्षणाचे तास लायसन्सधारक फिजिओथेरपिस्टने प्रमाणित करावे लागतात. भारतातली इंटर्नशिप चालेल की नाही हे ईमेलने लेखी विचारून ठेवा. फी अनेक खाजगी कॉलेजांत एकूण लाख डॉलरच्या पुढे जाते, सरकारी कर्ज परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही, आणि आय-२० साठी, म्हणजे विद्यार्थी व्हिसाकरता कॉलेज देतं त्या कागदासाठी, पहिल्या वर्षाचा पैसा दाखवावाच लागतो. शिकून झाल्यावर ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी, बारा महिन्यांचीच. इंजिनीअरांना मिळणारी पुढची दोन वर्षं या पदवीला नाहीत.

तिसरी वाट फसवी आहे, आणि जाहिरातीत सगळ्यात गोड दिसते: ‘ट्रान्झिशनल डीपीटी’. नावात डीपीटी असली तरी ती आधीच फिजिओथेरपिस्ट असलेल्यांसाठीची वरची पदवी. तिला कॅप्टेची, म्हणजे फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेची, मान्यता नसते, त्यामुळे तिच्या आधारावर थेट एनपीटीईला बसता येत नाही. मूळ बीपीटीएचचं मूल्यमापन करावंच लागतं. तिच्यातले काही विषय कमी पडलेले क्रेडिट भरून काढायला उपयोगी पडतात, तेवढ्यासाठी ती घ्यावी.

यातली कोणती वाट बरी? काही वर्षांपूर्वी मी बेधडक पहिली म्हटली असती. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जावर लाख डॉलरची रक्कम लावणारा आदेश निघाला आणि भारतातून थेट माणूस आणणं लहान क्लिनिकच्या आवाक्याबाहेर गेलं. फिजिओथेरपिस्टना ग्रीन कार्डासाठी स्थानिक माणूस मिळत नाही हे पाहणाऱ्या कामगार खात्याच्या चाचणीतून सूट आहे, ‘शेड्यूल ए’खाली, नर्सेससोबत, पण भारतात जन्मलेल्यांची रांग त्याने आखूड होत नाही. तरीही केवळ व्हिसासाठी आईवडिलांचं घर गहाण टाकून डीपीटी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान एफसीसीपीटीचा निकाल हाती येईपर्यंत तरी नाही.

हा निकाल अडतो तो बहुतेकदा कागदावर. मार्कशीटवर गुण असतात, तास नसतात. तुम्ही ज्या वर्षी शिकलात त्या वर्षीचा अभ्यासक्रम लागतो, आज विद्यापीठाच्या वेबसाइटवर असलेला नव्हे. थिअरी आणि प्रात्यक्षिकाचे तास वेगळे, पानोपान कॉलेजचा शिक्का, क्लिनिकल पोस्टिंगचे तास विभागवार. मार्कशीटवर आडनाव आधी आणि मग वडिलांचं नाव, पासपोर्टवर निराळा क्रम, लग्नानंतर तिसरंच नाव. यामुळे महिने जातात, म्हणून नावांच्या फरकाचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. औषधशास्त्र दुसऱ्या एखाद्या विषयात मिसळून शिकवलं असेल तर त्याचे तास प्राचार्यांकडून स्वतंत्र लिहून घ्या. लिहिलेलं नसेल तर ते शिकवलंच नाही असं धरतात. आणि हे सगळं इंटर्नशिप संपायच्या आत करा. तेव्हा विभागातले शिक्षक तुम्हाला ओळखत असतात आणि जुनी रजिस्टरं कपाटातच असतात.