हँडहेल्ड मोठा घ्यायचा का? इंच नंतर, आधी वजन सांगा

इनबॉक्समध्ये, कमेंटमध्ये, ग्रुपवर, जिथे बघावं तिथे एकच प्रश्न. हातात धरून खेळायचा कन्सोल घ्यायचाय, तर मोठ्या स्क्रीनचा घेऊ का, वरचे पैसे टाकण्यात अर्थ आहे का. आणि उत्तर देणारे लोक "मोठाच घे रे, पुढे हळहळ नको" असं ठोकून मोकळे होतात. माझं म्हणणं थोडं वेगळंय आणि ते दोन ओळीत मावत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. मोठी स्क्रीन हातात घेतली म्हणून ती मोठी दिसेलच असं काही नाही. वाचून हसू नका, पुढे वाचा.

आधी इंचाचं बघू. इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. निंटेंडोच्या पहिल्या स्विच कन्सोलची स्क्रीन ६.२ इंच, त्याच्याच ओएलईडी (जास्त उठावदार रंगांची स्क्रीन) मॉडेलची ७, स्विच २ ची ७.९. ऐकायला किरकोळ वाटतं ना? क्षेत्रफळ काढलं तर ६.२ वरून ७ वर जाताना साधारण २७ टक्के वाढ आहे आणि ७ वरून ७.९ वर जाताना परत तेवढीच. शेजारी शेजारी ठेवले की फरक ठसठशीत दिसतो, त्यात वादच नाही. पण आपण खेळतो तेव्हा ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले नसतात, हातात असतात, आणि डोळ्याला स्क्रीन केवढी वाटते ते तिच्या आकारावर जेवढं असतं तेवढंच ती किती लांब धरलीय यावर असतं. ७ इंची स्क्रीन डोळ्यापासून ३० सेंटीमीटरवर धरा आणि ८.८ इंची ३८ सेंटीमीटरवर, दोन्ही डोळ्याला सारख्याच वाटतात. साधं त्रैराशिक आहे.

आता म्हणाल ८ सेंटीमीटर लांब कशाला धरू, जवळच धरीन की. धरून बघा! स्विच ओएलईडी दोन्ही जॉय-कॉन (बाजूला अडकवायचे कंट्रोलर) लावून ४२० ग्रॅमच्या आसपास, स्विच २ ५३४, पीसीचे गेम चालवणारा वाल्व कंपनीचा स्टीम डेक ओएलईडी ६४०, आणि तसाच लेनोव्होचा ८.८ इंची लिजन गो कंट्रोलर लावून ८५४ ग्रॅम. पहिली पाच-दहा मिनिटं सगळेच ताठ बसून डोळ्यासमोर धरतात. मग कोपरं खाली येतात, मग कोपरं पोटाला टेकतात, मग कन्सोल मांडीवर येतो आणि मान खाली जाते. हे कोणी ठरवून करत नाही, हात आपोआप भरून येतात आणि कन्सोल आपोआप खाली सरकतो. म्हणजे जे वजन मोठ्या स्क्रीनसाठी उचललं त्याच वजनानं ती स्क्रीन डोळ्यापासून लांब नेऊन ठेवली. हिशोब बरोबरीत सुटला, वर मान दुखली ती वेगळीच. आणि पाठीवर झोपून खेळणाऱ्यांना तर मी काय सांगू, डोळा लागला आणि ८५४ ग्रॅम नाकावर आले की त्या रात्रीपुरता गेमिंगचा सगळा शौक उतरतो.

हां, निव्वळ ग्रॅम बघूनही चालत नाही. वजन कुठे बसतं हेही बघावं लागतं. स्टीम डेकचे दोन्ही बाजूचे फुगीर भाग तळव्यात बसतात, त्यामुळे तो जड असून हातात बरा वाटतो. उलट सपाट पाटीसारखा कन्सोल असला की तो धरायला खालून करंगळीचा टेकू द्यावा लागतो, आणि तासाभराने करंगळीच्या कडेला जो लाल वळ उठतो तो ज्याने खेळलंय त्याला बरोबर माहितीये. स्विच २ ची जाडी जुन्याइतकीच आहे, १३.९ मिलिमीटर, पण रुंदी ओएलईडीच्या २४२ वरून २७२ मिलिमीटर झालीय. दोन हात तीन सेंटीमीटर आणखी लांब गेले आणि मधलं वजन वाढलं. ज्यांचे पंजे मोठे त्यांना हे उलट बरं वाटेल, अंगठे मोकळे राहतात. लहान हातांना मात्र उजव्या स्टिकवरून वरच्या बटणांवर अंगठा नेताना पकड सोडायला लागते, मग दर वेळी कन्सोल किंचित कलतो. पाच मिनिटं हाताळून हे कळत नाही.

बरं हे मोठं करायचं प्रकरण आजचं नाहीये. निंटेंडोने २००९ मध्ये जपानात डीएसआय या आपल्या दोन स्क्रीनच्या हँडहेल्डचा मोठा अवतार, डीएसआय एलएल, आणला, बाहेर तो एक्सएल नावाने आला. साध्या डीएसआयच्या स्क्रीन ३.२५ इंच, याच्या ४.२. पण पिक्सेल तेवढेच, २५६ गुणिले १९२. म्हणजे चित्रात एक कणही वाढला नाही, होतं तेच ताणून मोठं केलं. २०१२ ला त्यांच्याच पुढच्या थ्रीडीएस हँडहेल्डचा मोठा थ्रीडीएस एक्सएल आला तेव्हा तीच गोष्ट, वरची स्क्रीन क्षेत्रफळाने ९० टक्के मोठी आणि पिक्सेल जिथल्या तिथे. जवळून बघितलं तर चौकोन न् चौकोन मोजता यायचा. टेक्निकल डोक्याची माणसं तेव्हा म्हणत होती की ही शुद्ध फसवणूक आहे. तरी लोकांनी घेतले आणि आवडीने वापरले, आणि मला वाटतं लोकच बरोबर होते. डीएसआय एक्सएलसोबत एक जाडजूड पेनासारखा स्टायलस मिळायचा, नेहमीच्या टूथपिकछाप काडीऐवजी. तो स्टायलस बघितला की कळतं हे मशीन कोणाच्या हातासाठी विचार करून बनवलंय.

आणि इथेच माझा खरा मुद्दा येतो. चाळिशी! वय वाढलं की डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं फोकस होत नाही, माणूस मोबाईल लांब धरून वाचायला लागतो. १९८९ ला ज्यांनी दहाव्या वर्षी गेम बॉय हातात घेतला असेल ते आज पंचेचाळिशीच्या पुढे गेलेत आणि त्यातले कितीतरी अजून खेळतात (घरचे म्हणतात कधी मोठा होणार, ते सोडा). अशा माणसाला ३० सेंटीमीटरवरची ७ इंची स्क्रीन चष्म्याशिवाय धूसर दिसते. त्याला डोळ्याला तेवढीच वाटणारी स्क्रीन ३८-४० सेंटीमीटरवर हवी असते. म्हणजे वर जो मी तोटा सांगितला, की वजनाने कन्सोल खाली जातो आणि लांब जातो, तो या माणसाला तोटाच नाहीये, त्याच्या डोळ्याला तेच अंतर पाहिजे! म्हणून माझं स्पष्ट मत असंय की मोठ्या हँडहेल्डचं खरं गिऱ्हाईक हे जाहिरातीत दिसणारं विशीतलं पोरगं नाहीच, चाळिशी लागलेला माणूस आहे. विशीतल्या डोळ्यांना २५ सेंटीमीटरवर सगळं लख्ख दिसतं, त्यांनी हलका कन्सोल जवळ धरावा, फुकटात मोठी स्क्रीन मिळते.

अक्षरांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण रिव्ह्यूमध्ये लोक फ्रेम रेटवर (सेकंदाला किती चित्रं दिसतात) पानंच्या पानं लिहितात आणि अक्षरं वाचता येतात का हे शेवटी एका वाक्यात उरकतात. स्टीम डेकवर गेमला 'व्हेरिफाइड'चा, म्हणजे डेकवर नीट चालतो असा, हिरवा टिळा मिळायला वाल्वची एक अट आहे, की मजकूर ३० सेंटीमीटरवरून वाचता आला पाहिजे आणि १२८० गुणिले ८०० वर सगळ्यात छोटं अक्षर उंचीला ९ पिक्सेलच्या खाली जाता कामा नये. सात इंची डेकवर ९ पिक्सेल म्हणजे किती, तर साधारण एक मिलिमीटर! एक मिलिमीटरचं अक्षर, तेही काळोख्या बॅकग्राउंडवर करड्या रंगात, आणि हे पास झालेल्या गेमचं सांगतोय. पीसीचे जुने स्ट्रॅटेजी गेम तर मोठ्या मॉनिटरसमोर बसून खेळायला बनवलेले, त्यांच्या मेन्यूतले आकडे हँडहेल्डवर म्हणजे मुंग्यांची रांग. मी मध्ये एका गेममध्ये औषध समजून विष पिऊन मेलो कारण दोन्ही बाटल्यांखालचं वर्णन वाचताच येत नव्हतं आणि सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करायचा ऑप्शन दिलेलाच नव्हता. तुम्ही असे वाचायचे गेम खेळत असाल, संवाद, आकडे, यादी, नकाशे, तर मोठ्या स्क्रीनला माझं मत शंभर टक्के. उड्या मारायचे, गाड्या पळवायचे, मारामारीचे गेम खेळत असाल तर सहा-सात इंचात काहीही अडत नाही.

पिक्सेल वाढवायच्या नादाबद्दल पण एक सांगतो. लिजन गोची स्क्रीन २५६० गुणिले १६००, म्हणजे स्टीम डेकच्या बरोब्बर चौपट पिक्सेल. कागदावर भारी, पण ते चौपट पिक्सेल रंगवायला आतली चिप चौपट ताकदीची नाही, मग जड गेम लावले की रिझोल्यूशन खाली आणून खेळायला लागतं. स्विच २ मध्ये दुसरीच गंमत, स्क्रीन १०८० ची (उंचीला १०८० पिक्सेल) झाली पण ज्या जुन्या गेमना अपडेट नाही ते हातात खेळायला मुळात ७२० साठीच बनलेले, आणि ७२० चे १०८० करताना एका पिक्सेलचे दीड करायचे म्हणजे कडा मऊ होणारच. तेच गेम जुन्या ओएलईडीवर जास्त कोरीव दिसतात. तुमच्याकडे जुन्या गेमचा ढीग असेल तर हे डोक्यात ठेवा.

बॅटरीचं तर जुनंच रडगाणं. सेगाचा गेम गिअर रंगीत, स्क्रीनला आतून उजेड, सहा पेन्सिल सेल खायचा आणि तीन ते पाच तासात आडवा. गेम बॉयची स्क्रीन हिरवट, उजेड नाही, सेल चार आणि दहा तासांच्या वर आरामात. कोण जिंकलं सगळ्यांना माहितीये. आजही निंटेंडो स्वतःच स्विच २ साठी २ ते साडेसहा तास सांगते आणि ओएलईडीसाठी साडेचार ते ९. याला अपवाद आहेत, असूसच्या रॉग अॅलाय हँडहेल्डच्या पुढच्या मॉडेलमध्ये, रॉग अॅलाय एक्समध्ये, बॅटरी ४० वॉट-अवरची थेट ८० केली आणि वजन ६०८ वरून ६७८ ग्रॅमच झालं. स्क्रीन मात्र सातच इंच ठेवली! मला हा शहाणपणा फार आवडला, ७० ग्रॅम वाढवायचेच होते तर ते योग्य जागी घातले.

आणि मोठं करायची सगळ्यात चांगली तऱ्हा म्हणजे बाहेरून मोठं न करणं. स्टीम डेक ओएलईडीची स्क्रीन ७ वरून ७.४ झाली, कडेच्या काळ्या पट्ट्या बारीक केल्या, बॅटरी ४० वरून ५० वॉट-अवर, आणि वजन ६६९ वरून ६४० वर आलं. वाढलं ते सगळं हवं तेच आणि वजन उलट उतरलं. असं मोठं मिळत असेल तर विचार करत बसू नका, घेऊन टाका. स्विच ओएलईडीचंही थोडंफार तसंच, रुंदीत जेमतेम ३ मिलिमीटरची वाढ आणि स्क्रीन ६.२ ची ७.

अजून एक प्रकार आहे ज्यात मोठी स्क्रीन खरोखरच मोठी ठरते, तो म्हणजे स्टँडवर लावून खेळणं. माझा मोठा भाऊ लिजन गो असाच वापरतो. मागचा स्टँड उघडून टेबलावर उभा करायचा, दोन्ही कंट्रोलर काढून हातात घ्यायचे, हात खुर्चीच्या दांड्यांवर सैल सोडायचे. हातात वजन उरतच नाही, अंतर तुम्ही ठरवाल तेवढं, मान सरळ. या पद्धतीत ८.८ इंचाचा एक-एक इंच वसूल होतो. पण मग तो हँडहेल्ड राहिला का, तर नाही राहिला, तो घरातल्या घरात हलवता येणारा छोटा टीव्ही झाला, आणि त्यात काही वाईट नाही फक्त घेताना हे माहीत असावं. आणि जे लोक सत्तर टक्के वेळ डॉकला (टीव्हीला जोडायच्या स्टँडला) लावून टीव्हीवरच खेळतात त्यांनी तर या वादात पडूच नये, डॉकला लावल्यावर ती स्क्रीन अंधारातच असते.

घ्यायच्या आधी घरच्या घरी करायचा एक प्रयोग सांगतो, वेडगळ वाटेल पण करा. बाटलीत पाणी भरा, स्विच २ एवढं वजन हवं तर अर्धा लिटरच्या किंचित वर, लिजन गो हवा तर सव्वाआठशे मिलिलिटर, बाटलीचं स्वतःचं वजन धरून होतं बरोबर. ती आडवी, दोन्ही टोकांना धरून, तुम्ही जिथे आणि जसे खेळणार तसे बसा किंवा झोपा, समोर काहीतरी अर्ध्या तासाचं बघायला लावा आणि बाटली विसरून जा. अर्ध्या तासाने बाटली कुठे आहे ते बघा आणि नाकापासून तिथपर्यंत टेप लावा. ३० च्या आसपास असेल तर तुमचे हात दणकट आहेत, मोठा घ्या, मजा करा. ४० च्या पुढे असेल आणि डोळे तरुण असतील तर मोठ्या स्क्रीनचे पैसे हात खाऊन टाकणार. ४० च्या पुढे आहे आणि चष्माही लागलाय, मग परत मोठाच घ्या!

आता ज्यांनी विचारलं होतं त्यांना थेट उत्तरं. पोरासाठी विचारणाऱ्या ताई, दहा वर्षांच्या मुलाला मोठा अजिबात नको, स्विच लाइट २७५ ग्रॅमचा आहे, ५.५ इंच स्क्रीन पोराच्या हाताला पुरते, फक्त तो टीव्हीला लागत नाही आणि त्याचे कंट्रोलर निघत नाहीत एवढं लक्षात ठेवा. रोज उभ्याने प्रवास करणाऱ्या मित्रा, एका हाताने दांडा धरून तू साडेसहाशे ग्रॅम कसा सांभाळणार आहेस? तुला सात इंच आणि सव्वाचारशे ग्रॅमच्या वर जायची गरज नाही. आणि रात्री पोरं झोपल्यावर सोफ्यावर तासभर तेच जुने वाचायचे गेम खेळणारे आमचे दादा, तुम्ही आठ इंची बघा, मांडीवर उशी घ्या आणि कोपरं तिच्यावर टेका, आणि त्या आधी चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्या कारण तो वाढला असेल तर नवा कन्सोल घेऊनही अक्षरं धूसरच दिसणार.