खुलासा : हेडफोन लावलेले वादक खरंच वाजवत असतात

रत्नागिरी, चिपळूण, मालवणकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘व्हिडिओ गेमच्या संगीताच्या कार्यक्रमात ऑर्केस्ट्रावाले हेडफोन लावतात, म्हणजे रेकॉर्डिंग वाजतं आणि ते नुसते हात हलवतात.’ हे चूक आहे आणि वादकांवर अन्याय करणारं आहे.

हेडफोनमध्ये क्लिक असते, मेट्रोनोमची टिकटिक. पडद्यावर गेमची दृश्यं चालू असतात, संगीत त्यांच्याशी जुळावं लागतं. दशावतारात पखवाजवाला नटाकडे बघून ताल लांबवतो. इथे गेमचा पडदा मात्र कुणासाठी थांबत नाही. मिनिटाला १२० ठोके असतील तर चार मात्रा २ सेकंदांत संपतात. तेवढं एक आवर्तन चुकलं, की तलवारीचा घाव आधी दिसतो आणि झांज २ सेकंदांनी वाजते. वादकांच्या मागच्या रांगेला नुसत्या कानावर विसंबता येत नाही, कारण १७ मीटरवरून आवाज यायला साधारण ५० मिलिसेकंद लागतात. हेडफोन बंद कपाचेच हवेत, नाहीतर टिकटिक व्हायोलिनच्या माइकमध्ये शिरते.

मेसेजमध्ये खरं एवढंच, की काही कार्यक्रमांत सिंथेसायझरचे किंवा कोरसचे भाग रेकॉर्डिंगवरून सोडतात. बाकी ऑर्केस्ट्रा प्रत्यक्षच वाजवतो; १९८७ साली टोकियोत ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या गेमचं संगीत असंच मंचावर आलं.

आपल्या किनाऱ्यावर कुणी असा प्रयोग करणार असेल, तर क्लिकपेक्षा दमट हवेची काळजी जास्त घ्या. व्हायोलिनच्या गजाचे (बो) केस ओल धरून सैल पडतात, एसी खोलीत लावलेले सूर उघड्या मैदानावर हलतात. वाद्यं तासभर आधी मंचावर आणून ठेवा, मगच सूर लावा.