तो अंगठा आधी काढा

काल रात्री दहा चाळीस. दोन्ही पोरं नुकती झोपली होती, मी बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांसाठी, भिजवलेली ज्वारी झाकून ठेवत होते, आणि घरच्या ग्रुपवर जेठानींचा, म्हणजे थोरल्या जाऊबाईंचा, मेसेज आला. 'मनालीऐवजी कोकणात गेलो तर? मुलांना समुद्र फार आवडतो. फक्त सुचवतेय.'

आज ९ मे. गाडी २० तारखेची. चौदा माणसं, त्यात सहा पोरं, सगळ्यात धाकटी माझी तीन वर्षांची. तिकिटं कन्फर्म झालीत, हॉटेलला निम्मे पैसे गेलेत, दिल्लीहून वर न्यायला सतरा सीटरची ट्रॅव्हलर सांगितलीय, तिचाही अ‍ॅडव्हान्स गेलाय. आणि यांना आता समुद्र आठवला!

एक वेळ मेसेजचं सोडून दिलं असतं. पण त्याच्याखाली अंगठे यायला लागले. आधी नणंदेचा. मग नंदोयांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. मग जेठांचा. आणि चौथा अंगठा माझ्या नवऱ्याचा. हा माणूस त्या वेळी माझ्यापासून दहा पावलांवर कूलरसमोर आडवा पडला होता. उठून स्वयंपाकघरात यायचं, 'काय गं, काय करायचं?' एवढं विचारायचं, ते त्याच्याने झालं नाही. अंगठा दाबणं झालं. मी फोन त्याच्या तोंडासमोर धरला. 'हे काय आहे?' तर म्हणतो, 'अगं, वाचलं एवढंच सांगितलं.' वाचलंस ना, मग गप्प बस! अंगठा म्हणजे होकार. सोसायटीच्या कर्जापासून सातबाऱ्याच्या कागदापर्यंत आपल्या आजोबा-पणजोबांनी अंगठा दिला तो होकार म्हणूनच दिला. कुणी 'वाचलं' म्हणून दिला नव्हता.

आणि कोकण काय मी विचारलं नव्हतं? संक्रांतीच्या आठवड्यात मी ग्रुपवर रीतसर तीन पर्याय टाकले होते. मनाली, उटी, कोकण. नऊ दिवस एकाने मत दिलं नाही. नऊ दिवस! रोज सकाळी उघडून बघायचे, शून्य, शून्य, शून्य. शेवटी एकेकाला फोन केले. याच जेठानी म्हणाल्या होत्या, 'कोकणात मेमध्ये घामाने जीव जातो गं, थंडीकडे जाऊ.' बाकी सगळ्यांचं एकच उत्तर, 'तू ठरव, आम्हाला काहीही चालेल.'

या वाक्याची मला आता शिसारी येते. 'काहीही चालेल' म्हणणाऱ्या माणसाला काहीही चालत नसतं. त्याला फक्त शोधाशोध, फोनाफोनी, पैसे भरणं या भानगडीत पडायचं नसतं. सगळं झालं की मग त्याची आवड जागी होते. हॉटेलचे फोटो टाकले तेव्हा नंदोई म्हणाले, 'लिफ्ट नाही का?' महिनाभर मी सहा हॉटेलवाल्यांशी फोनवर भांडून चार खोल्या एका मजल्यावर मिळवल्या, सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी तळमजल्यावर मिळवल्या, आणि यांना तळमजल्यावर लिफ्ट पाहिजे.

तिकिटांचं तर विचारूच नका. पूर्वी १२० दिवस आधी आरक्षण मिळायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आणलं. म्हणजे २० मेच्या गाडीचं आरक्षण २१ मार्चला सकाळी ८ वाजता उघडणार. एका तिकिटावर सहाच माणसं. माझ्या धाकटीला बर्थ घेतला नाही, माझ्याजवळ झोपेल, तरी तेरा बर्थ लागतात. म्हणजे तीन तिकिटं. पावणेआठपासून मी आणि माझा भाऊ दोन फोन घेऊन बसलो होतो. माझा भाऊ! जो सहलीला येणारही नाही, तो ऑफिसला उशीर करून माझ्याकडे आला. यांच्या घरातलं एक माणूस त्या सकाळी ग्रुपवर 'मिळालं का?' विचारायला जागं नव्हतं. पैसे गेले, तिकीट आलं नाही, असं एकदा झालं, हात थरथरत होते, मोठ्याची परीक्षा तोंडावर, डबा तसाच. आठ वाजून अकरा मिनिटांनी तिसरं तिकीट कन्फर्म आलं तेव्हा मी ओट्याला टेकून खाली बसले. ग्रुपवर टाकलं. त्यावर सव्वादहाला नंदोयांचा पहिला प्रश्न, 'साईड लोअर आहे का?'

त्यांच्या धाकट्याचं प्रकरण वेगळंच. नणंद म्हणाली, 'चारचाच आहे गं, त्याला कशाला तिकीट.' मी आधार मागितलं. पाठवायला पाच दिवस लावले. बघते तर एप्रिलात त्याला पाच पूर्ण होतात, म्हणजे प्रवासाच्या दिवशी तो पाचच्या वर. पाच पूर्ण झालेल्याला तिकीट लागतंच, आणि बर्थ पाहिजे तर पूर्ण भाडं. हा नियम २०१६ सालापासून आहे, मी नाही काढला. तरी नंदोई आजही चारचौघांत सांगतात, 'वहिनींनी एवढ्याशा पोराचं फुल तिकीट काढलं.' दिल्लीपर्यंतच्या प्रवासात ते पोर कोणाच्या मांडीवर बसवणार होते? माझ्याच ना!

आणि तारखा. पंजाब मेल नणंदेला नाशिकरोडला मिळते २० तारखेला रात्री, आणि आम्हाला जळगावला मिळते मध्यरात्र उलटल्यावर. म्हणून तिच्या तिकिटावर २० आणि आमच्या तिकिटावर २१. हे मी तिला तीनदा फोनवर समजावलं, एकदा कागदावर काढून फोटो पाठवला. परवा तिचा परत फोन. 'वहिनी, तुम्ही एक दिवस नंतर येताय का?'

हे सगळं चाललंय ते कुठल्या दिवसांत? जळगावात पारा ४४-४५ ला टेकलाय. दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. या उन्हात मी सहा पोरांसाठी स्वेटर शोधत फिरले. अख्खं फुले मार्केट पालथं घातलं. एका दुकानदाराने वरच्या फळीवरून धुळीचं पोतं काढलं, त्यात दोन माकडटोप्या आणि एक मफलर निघाला. दुसरा म्हणाला, 'ताई, दिवाळीनंतर या.' धाकटी कडेवर, ओढणी डोक्यावरून ओली करून घेतलेली, पायाखालचं डांबर मऊ झालेलं, आणि मी विचारतेय लोकरीचे हातमोजे. जेठानी पुण्यात राहतात. तिथे मोठाली दुकानं, ऑनलाइन मागवलेलं घरपोच. त्यांना म्हटलं होतं, मुलांचे गरम कपडे तेवढे तुम्ही बघा, मापं मी पाठवते. सगळ्या सहा पोरांची मापं टेपने घेऊन लिहून पाठवली. त्यावरही अंगठाच आला होता. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

आधार कार्डाचे फोटो मागून मागून जीभ झिजली. जेठांनी पाठवला तो फक्त मागच्या बाजूचा. मनालीवरच्या रोहतांग खिंडीचं सांगून थकले. तिथे मंगळवारी पर्यटकांच्या गाड्या सोडत नाहीत, बाकीच्या दिवशी आधी ऑनलाइन परवाना लागतो, गाड्यांची रोजची संख्या ठरलेली असते. ३,९७८ मीटर उंची आहे, आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की लहानग्यांना एका दिवसात तितकं वर चढवू नका. घाटात उलट्यांचं औषध कोणत्या पोराला किती, तापाचं औषध कोणाच्या वजनाला किती मिली, ते मी वहीत सहा नावांसमोर लिहून घेतलंय. सहा! त्यातली दोनच पोरं माझी आहेत. बाकीच्या चौघांना आया आहेत, बाप आहेत.

सगळे आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, इथेच होते की! नणंद माहेरपणाला आलेली, जेठानीही आलेल्या, अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधलेला, पोरं दिवसभर त्यावर. मी खापरावर मांडे करून घामाने निथळत होते. जेवताना मी सगळा कार्यक्रम वाचून दाखवला. कुठल्या दिवशी कुठे, किती तासांचा प्रवास, पोरं दमतील म्हणून मध्ये एक दिवस पूर्ण मोकळा. सगळ्यांनी आमरस ओरपत माना हलवल्या. 'छान केलंय गं.' तेव्हा समुद्र कुठे होता? तेव्हा म्हणायचं ना. माझ्या ताटातला मांडा गार होईपर्यंत मी वाचत होते.

बरं, कोकणच म्हणता, तर मेच्या शेवटच्या आठवड्यात मालवणच्या बोटी पावसाळ्यासाठी बंद व्हायला लागतात हे बघितलं का कुणी? चौदा माणसांना जळगावहून तिथे न्यायचं कसं, गाडी कुठे बदलायची, रात्री अडीचला स्टेशनवर सहा पोरांना घेऊन कोण बसणार? तिकिटं रद्द करायची तर थर्ड एसीला माणशी १८० रुपये कापतात. तेरा जणांचं जाऊन-येऊन ४,६८० रुपये, वर जीएसटी. हॉटेलचे निम्मे पैसे बुडाले, ट्रॅव्हलरचे बुडाले. हे 'फक्त सुचवतेय'च्या हिशेबात कुठे धरायचं? सुचवायला काही लागत नाही. निस्तरायला माणूस लागतं, आणि ते माणूस मी आहे असं या घराने लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच ठरवून टाकलंय.

रात्रभर डोळा लागला नाही. साडेचारला उठून पातेलं चुलीवर चढवलं, लसूण-तीळ-मिरची घालून बिबड्यांचं पीठ घाटलं आणि ऊन यायच्या आत गच्चीवर ओल्या धोतरावर थापायला बसले. हात भाजत होते. या बिबड्यांतले निम्मे दरवर्षी पुण्याला जातात. डबा रिकामा परत येतो, कधीकधी तोही येत नाही. सासूबाई वर आल्या, शेजारी बसून थापायला लागल्या. त्यांना मी रात्रीचं सगळं सांगितलं. म्हणाल्या, 'जाऊ दे ना व माय, कसाले इतला जीव जाळस?'

का जाळू नको? त्यांनी आयुष्यात एकदाही बर्फ बघितलेला नाही. चाळीस वर्षं त्यांनी उन्हाळा म्हणजे पापड, कुरडया, बिबडे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं खाणंपिणं एवढाच बघितला. जानेवारीत मी तीन जागा त्यांना वाचून दाखवल्या तेव्हा त्यांनी हळूच विचारलं होतं, बर्फ हातात घेतला की लगेच पाणी होतं का. त्या एका प्रश्नावर मी मनाली धरून बसले. हे मी ग्रुपवर कुणाला सांगितलं नाही, आणि आता सांगणारही नाही.

सातला खाली आले, हाताचं पीठ धुतलं आणि ग्रुपवर लिहिलं. 'तिकिटं पंजाब मेलची आहेत, हॉटेल मनालीचं आहे. नाशिकवाल्यांनी २० तारखेला रात्री नाशिकरोडवर यावं. बाकीच्यांनी त्याच रात्री साडेबाराला जळगाव स्टेशनवर. मुलांचे स्वेटर ज्याने त्याने आणावेत. ज्याला समुद्र पाहिजे त्याने आजच्या आज सांगावं, त्याचं नाव मी तिकिटातून काढते, कापलेले पैसे त्याने भरावेत.'

आता दुपारचे दोन वाजलेत. सगळ्यांनी वाचलंय, निळ्या खुणा दिसतायत. एकाचंही उत्तर नाही. नवऱ्याला जेवायला वाढताना सांगितलं, आधी तो अंगठा काढ.

'कोणता अंगठा?' म्हणाला.