एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर: "व्हेनिस सांगून रावेन्नाला उतरवलं"

काका नमस्कार. रिव्ह्यू दोनदा वाचला, एकदा चहाच्या आधी आणि एकदा नंतर. एक स्टार दिलात पण का दिलात ते सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी थँक्यू, नाहीतर बरेच जण नुसतं "बोगस" लिहून मोकळे होतात आणि आम्ही बसतो शोधत की नक्की काय बिनसलं.

बाकीच्यांना कळावं म्हणून काकांचं म्हणणं थोडक्यात सांगते. ग्रीसच्या बेटांची क्रूझ संपवून व्हेनिसला उतरणार असं आम्ही सांगितलं आणि उतरवलं रावेन्नाला, तिथून पुढे जवळपास तीन तास बस. मग "पाच मिनिटांवर" सांगितलेल्या हॉटेलपर्यंत बॅगा ओढत चाळीस मिनिटं. गर्दी अशी की त्यापेक्षा तुळशीबाग बरी. काका-काकूंना वेगवेगळ्या ग्रुपात टाकलं. आणि वरून हॉटेलने व्हेनिसचा एंट्री टॅक्स वेगळा मागितला. बरोबर ना?

आता एकेक घेते. रावेन्नाचं आधी, कारण तिथे "फसवणूक" हा शब्द वापरलाय आणि तो मला लागला.

काका, मोठी क्रूझ जहाजं आता व्हेनिसच्या आत जातच नाहीत हो. पूर्वी जायची, सॅन मार्को चौकासमोरून, बाल्कनीत उभं राहून फोटो काढायचे लोक. २ जून २०१९ ला एक मोठं जहाज ज्युडेका कालव्यात, म्हणजे शहरातल्या त्या रुंद कालव्यात, कंट्रोल सुटून धक्क्यावर आणि एका टुरिस्ट बोटीवर जाऊन आदळलं, त्याच्या आधीपासून तिथले लोक ओरडत होतेच की ही जहाजं आमचं शहर खिळखिळं करतायत, आणि मग १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार ग्रॉस टनांवरच्या जहाजांना त्या कालव्यातून बंदी झाली. तुमचं जहाज त्याच्या तिपटीहून मोठं होतं. त्यामुळे काही जहाजं आता मार्गेराच्या इंडस्ट्रियल बंदरात लागतात आणि बरीच थेट रावेन्नाला, म्हणजे पोर्तो कोर्सिनीला, आणि क्रूझवाले बिनधास्त "व्हेनिस" छापून बाजूला कंसात रावेन्ना लिहितात.

आणि इथे आमची चूक आहे ती मान्य करते. आमच्या आयटिनररीत पण तो कंस तसाच उचलला होता, बारीक अक्षरात. मी परत उघडून बघितलं, मलाच चष्मा पुढे-मागे करावा लागला. तुम्ही पैसे भरायला आलात तेव्हा ऑफिसात समोर बसून कोणीतरी सांगायला हवं होतं की काका, जहाजातून उतरल्यावर दीडशे किलोमीटर बस आहे, आणि तो रोमेआ रस्ता एकेका लेनचा, ट्रकमागे अडकलात की अडकलात. नाही सांगितलं. तुम्ही सकाळी आठला धक्क्यावर उभे राहून "गोंडोला कुठायत" विचारलंत आणि आमच्या टूर मॅनेजरने "अजून थोडं पुढे" असं उत्तर दिलं हे त्याने स्वतः मला सांगितलं, त्यावर त्याला जे ऐकायचं ते त्याने ऐकलंय.

बॅगांचं. आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला लावल्या आणि बीपीच्या गोळ्या आत गेल्या हे वाचून वाईट वाटलं. ती पद्धत जहाजाची आहे, रंगीत टॅग लावून बॅगा रात्रीच खाली नेतात आणि सकाळी रंगानुसार माणसं सोडतात, पण गोळ्या आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा हे सांगणं आमचं काम. व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलं होतं असं मॅनेजर म्हणतो. समुद्रात नेट कोणाचं चालतं, मी त्याला हेच विचारलं.

"पाच मिनिटांवर हॉटेल" हे मात्र सगळ्यात जास्त झोंबलं कारण ते वाक्य माझं आहे, मी स्वतः लिहिलंय. मी गेले होते तेव्हा टॅक्सीने पियाझाले रोमाला उतरले होते, गाडीचा रस्ता तिथेच संपतो, पुढे नुसतं पाणी, पूल आणि पाय. तिथून एक पूल ओलांडला की सांता लुचिया स्टेशन आणि स्टेशनच्या पलीकडे हॉटेल, तेही एक हँडबॅग घेऊन आणि सकाळी सातला. पाच मिनिटं नाही पण सात-आठ धरा. तुमची मोठी बस थांबली त्रोंकेत्तोला, म्हणजे बसेसचा तळ आहे तिकडे. तिथून ती छोटी पीपल मूव्हर गाडी, त्यात अडतीस माणसं आणि पन्नासेक बॅगा, मग पियाझाले रोमा, मग तो पूल. शनिवारी दुपारी बाराला. गुगलवर अंतर मोजताना मी बिंदू चुकीच्या ठिकाणी ठेवला, एवढी साधी गोष्ट.

आणि तो पूल मला माहितीये काका. मोठ्या आर्किटेक्टचा, २००८ साली उघडलेला, दिसायला देखणा, पण पायऱ्या एका मापाच्या नाहीत, तुम्ही पुढची पायरी समजून पाय टाकता आणि ती असते चार बोटं लांब. काचेच्या पायऱ्यांवरून तर चांगले तरुण लोक घसरलेत. तुम्ही काकूंची बॅग उचलून चढवलीत, उतरताना तिचं चाक निघालं आणि घरंगळत एका बाईच्या पायाशी गेलं, त्या बाईंनी ते उचलून तुमच्या हातात दिलं, हे तुम्ही लिहिलंय ते वाचताना मला ते चाक डोळ्यासमोर दिसलं. तिथे हमाल मिळतात, पैसे घेतात पण मिळतात. सत्तरीच्या आसपासचे आठ जण ग्रुपमध्ये असताना ते आधी बुक करायला हवे होते. आता पुढच्या सगळ्या बॅचेसना मोठ्या बॅगा बसमधून सरळ मेस्त्रेच्या, म्हणजे अलीकडच्या जमिनीवरच्या गावातल्या, लॉकरला जातील आणि व्हेनिसमध्ये एका रात्रीपुरती पाठीवरची सॅक.

गर्दीबद्दल मात्र मी माफी नाही मागणार, रागावू नका. त्या जुन्या शहरात राहणारी माणसं पन्नास हजारांच्या आत उरलीयेत आणि तुम्ही जूनमधल्या शनिवारी बाराला पोचलात, त्याच वेळी ट्रेन भरभरून येतात, त्याच दोन-तीन गल्ल्यांतून सगळे रियाल्टो आणि सॅन मार्कोकडे. ती गर्दी आम्ही आणलेली नाही. म्हणजे अडतीस माणसांपुरती आणली म्हणा. एक मात्र, त्याच संध्याकाळी सात-साडेसातनंतर बाहेर पडला असतात तर अर्धी गर्दी परत गेलेली असते, रात्रीचा मुक्काम तिथेच ठेवला होता तो याचसाठी, पण तोपर्यंत तुमचे पाय बोलायला लागले होते हे समजू शकते.

ग्रुप तोडण्याचं कारण खरंच नियम आहे. २०२४ पासून तिथे गाईडबरोबर २५ पेक्षा जास्त माणसं चालत नाहीत, लाऊडस्पीकर पण बंद, म्हणून गाईडचा आवाज ऐकायला ते कानातले डबे दिले. पण अडतीसचे दोन करताना आमच्या पोराने पहिल्या नावाच्या अक्षरांनी यादी कापली, त्यामुळे तुम्ही एकीकडे आणि काकू दुसरीकडे, आणि तुमच्यासारखी अजून चार जोडपी. ऑफिसमध्ये यावर सगळे हसले, मी पण हसले, आणि मग लक्षात आलं की काकूंकडे फोन नव्हता. हे बरोबर नाही झालं. काकूंना सॉरी सांगा, म्हणजे मी फोन करतेच आहे.

टॅक्सचं गैरसमज आहे. तो पाच युरोचा एंट्री पास, उशिरा काढला तर दहा, तो सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांना, तोही ठरावीक दिवशी. शहरात रात्री राहणाऱ्यांना माफ असतो, फक्त त्याचा क्यूआर काढावा लागतो, तो आम्ही काढला होता. हॉटेलने घेतले ते सिटी टॅक्सचे, माणशी दर रात्रीचे, इटलीत बहुतेक शहरांत घेतात, आणि आमच्या "समाविष्ट नाही" यादीत सातव्या नंबरला ते आहे. हे ठळक अक्षरात आहे, मी तपासलं.

आणि सॅन मार्कोच्या पायऱ्यांवर दशम्या सोडल्यावर गार्डने उठवलं त्याला आम्ही काय करणार? तिथे बसून खायला बंदी आहे, दंड करतात, तुम्हाला नुसतं उठवलं. लोणचं कोणाचं होतं एवढं कळलं तर बरं, मॅनेजर अजून त्याच्याबद्दल बोलतो.

बसचा लांबलेला वेळ आणि बॅगेचं चाक धरून माणशी अडीच हजार परत करतोय, दोघांचे पाच, काकूंच्या खात्यावर, तुमच्या नाही, कारण बॅग त्यांची होती. गोंडोलाचे पैसे परत नाही करत, ते ऑप्शनल होतं, तिथला सरकारी रेटच अर्ध्या तासाचा ९० युरो बोटीला आहे आणि तुम्ही पाच जणांत वाटून घेतलेत. गाणं म्हणणारा वेगळा असतो काका, वल्हवणारा गात नाही.

काकूंचा निळा स्टोल रावेन्नाच्या बसमध्ये सापडला, दुसऱ्या बॅचबरोबर मागवलाय, मंगळवारी ऑफिसला येईल. दुपारी दोन ते चार सोडून कधीही या.