आकारावरून आयुष्य ठरवू नका

लेखात 'खाऱ्या पाण्यातले छोटे मासे दोन-तीन वर्षंच जगतात' असं सरसकट म्हटलंय, ते पटलं नाही. सांगलीत माझ्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लाऊनफिशची जोडी 2014 पासून आहे. नीट सांभाळले तर हे मासे 20 वर्षांपुढेही जातात. उलट प्रवाळात राहणारा इवलासा गोबी मासा, इव्हिओटा सिगिलाटा, जास्तीत जास्त 59 दिवस जगतो. म्हणजे माशाची जात बघायला हवी.

आपल्याकडे मासे लवकर जातात ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ मात्र टाकीतच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या आरओ पाण्याची घालायची. मी सुरुवातीला खारंच पाणी ओतत होतो, त्यात एक क्रोमिस मासा गेला, अजून वाईट वाटतं. आता दर दोन दिवसांनी पाण्याचा खारटपणा मोजतो, विशिष्ट घनता (साध्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) 1.025 च्या आसपास ठेवतो.

2019 च्या महापुरात वीज गेली तेव्हा बॅटरीच्या एअर पंपावर रात्र काढली. मादी (जोडीतली मोठी ती मादी) वर येऊन भराभर कल्ले हलवत होती. आजही झाकण उचललं की आधी तीच वर येते, नर तिच्या मागे.